डिस्ली, म्हणजे इंडियन साइन लँग्वेज इंटरप्रिटिंगच्या डिप्लोमावर ऑस्ट्रेलियात इंटरप्रिटर म्हणून जाता येतं का?

विश्रामबागची_सून:
नमस्कार मंडळी, मी सांगलीची. डिस्ली झालंय, आरसीआयचं (रिहॅबिलिटेशन कौन्सिल ऑफ इंडिया) रजिस्ट्रेशन पण आहे. शाळेत काम करते, शिवाय मिरजेच्या दवाखान्यांत डेफ पेशंटबरोबर इंटरप्रिट करायला जाते, पण त्यात महिना निघत नाही ओ. मेलबर्नला असलेले दीर म्हणतात इकडं इंटरप्रिटर कमी पडतायत. एक एजंट म्हणतोय डिप्लोमावर डायरेक्ट पीआर (तिकडं कायमचं राहायचा परवाना), फक्त आधी फी भरा. खरंय का?

कृष्णाकाठ:
ताई, फी अजिबात भरू नका!! तिकडं काम चालतं ऑस्लानमध्ये, म्हणजे ऑस्ट्रेलियाच्या साइन लँग्वेजमध्ये, आपल्या आयएसएलमध्ये (इंडियन साइन लँग्वेज) नाही, आणि इंटरप्रिटरचं स्किल असेसमेंट नाटी (तिकडची इंटरप्रिटरांना सर्टिफिकेट देणारी संस्था) करते, म्हणजे आधी ऑस्लान शिका मग नाटीची परीक्षा द्या मग पुढचं, आणि हे एजंट लोक मधलं सगळं गाळून फक्त शेवटचं सांगतात.

साताराएक्सप्रेस:
पण नाटीत मराठी आहे की, सीसीएल म्हणून भाषेची परीक्षा असते ती. माझ्या मित्राने दिली, ५ पॉइंट मिळाले.

कृष्णाकाठ:
ते वेगळं भाऊ. सीसीएल फक्त व्हिसाच्या पॉइंटसाठी, त्यावर इंटरप्रिटर म्हणून काम करता येत नाही. पॉइंट मिळाले तर वाईट नाही म्हणा.

कराडकर_कोडा:
माझे आईवडील दोघंही डेफ, त्यामुळं थोडं मनापासून लिहितो. देश निवडताना हे बघा: ब्रिटनची बीएसएल, ऑस्लान आणि न्यूझीलंडची साइन लँग्वेज एकाच घराण्यातल्या, आणि त्यांची फिंगरस्पेलिंग (बोटांनी एकेक अक्षर दाखवणं) आपल्यासारखी दोन हातांनी. म्हणून लगेच जमेल असं नाही हां, साइन्स आणि व्याकरण नव्यानंच शिकायचं. अमेरिकेची एएसएल फ्रेंच साइन लँग्वेजकडून आलेली, स्पेलिंग एका हाताने, तिथं हातांची सगळी सवय मोडावी लागते.

पण खरी अडचण हातांची नाहीच, तोंडाची आहे. डेफ माणूस साइन करतो तेव्हा तुम्हाला डॉक्टरसमोर, कोर्टात, न अडखळता इंग्रजीत बोलायचंय, तेही त्याच्याच सुरात, तो चिडला असेल तर चिडून. आपण मिरजेत मराठीत सांगून मोकळे होतो. डिस्लीत एवढं इंग्रजी व्हॉइसिंग करून घेतात का, तुम्हीच सांगा.

विश्रामबागची_सून:
नाही ना... आमचं बहुतेक सगळं हिंदी-मराठीत झालं 😅 मग इथं बसून काय करू?

कराडकर_कोडा:
रोज इंग्रजी बातम्या आयएसएलमध्ये करा आणि आयएसएलचे व्हिडिओ बघत इंग्रजीत बोला, रेकॉर्ड करून स्वतःच ऐका (पहिले काही दिवस ऐकवत नाही). ऑस्लान मात्र नुसत्या व्हिडिओवर येणार नाही, तिकडच्या डेफ लोकांत राहूनच येते, म्हणून स्टुडंट व्हिसाचा विचार करा. मॅक्वेरी युनिव्हर्सिटीत ऑस्लान इंटरप्रिटिंग शिकवतात, पण ते आधी ऑस्लान येणाऱ्यांसाठी.

कृष्णाकाठ:
आणि दिरांना सांगा, मेलबर्नच्या एखाद्या ऑस्लान इंटरप्रिटरशी गाठ घालून द्या म्हणावं. काम किती मिळतं, पैसे किती, ते तोच खरं सांगेल.

विश्रामबागची_सून:
रविवारी फोन असतो त्यांचा, विचारते. एजंटला आत्ताच ब्लॉक केलं.