अर्धी गोळी सुटता सुटेना : तुमचे अनुभव सांगा

मीच सुरू करते. नाशिकला सिडकोत राहते. सासूबाई गेल्या तेव्हा धडधड व्हायची म्हणून क्लोनाझेपाम ०.५ मिग्रॅ (मन शांत करणारी, झोप आणणारी गोळी) दिलेली १५ दिवसांसाठी, मी घेतली ४ वर्षं, कारण बंद कर असं कुणी म्हणालंच नाही आणि मेडिकलवाला ओळखीचा. पाकिटावर इशारा असतो, डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय द्यायची नाही म्हणून, तो दोघांनीही वाचला नाही. मग एकदा डोकं फिरलं, पाकीटच कचऱ्यात. दोन दिवस मजेत. तिसऱ्या रात्रीपासून हात थरथर, अंगात मुंग्या, कुकरची शिट्टी झाली तरी रडू यायचं. वाटलं जुनाच त्रास उलटला. तो गोळी सुटल्याचा होता हे कळायला दुसरा डॉक्टर लागला. तुमचं काय झालं?

सातपूर, रात्रपाळी : माझी अल्प्राझोलाम, त्याच जातीची. ही लवकर उतरते, पुढच्या गोळीची वेळ व्हायच्या आधीच घाम सुटायचा, कंपनीत सगळ्यांना वाटायचं बीपी आहे. गावी लग्नाला गेलो, स्ट्रिप घरीच राहिली, दुसऱ्या दिवशी मांडवातच फीट आली. लोक कांदा हुंगवतायत, चप्पल हुंगवतायत... नंतर डॉक्टरांनी डायझेपामवर आणलं, तीही त्याच जातीची पण शरीरातून सावकाश जाते, मग ती उतरवत नेली. ११ महिने लागले. एकदम सोडू नका रे बाबांनो.

कॉलेज रोड : मी ३ आठवडेच घेतलेली, काही झालं नाही. सगळ्यांना होतंच असं नाही.

निफाड, द्राक्षबाग : ताई, माझी अवकाळीत बाग गेली तेव्हापासून. कमी करताना दर दोन-तीन आठवड्यांनी साधारण १० टक्के, पण ब्लेडने कापली की निम्मा भुगाच होतो, शेवटी डॉक्टरांकडून ०.२५ चीच लिहून घेतली. मधे परत पाऊस झाला, वाढवावीशी वाटली, त्यांनी महिनाभर आहे तिथंच ठेवली, मग पुढं. आणि गोळीच्या जागी दारू नको, मी करून बसलोय.

पंचवटी : आमचे नाना, ७६ वर्षांचे. रात्री मोरीकडे जाताना दोनदा पडले, नावं विसरायचे, आम्ही म्हटलं वय झालं. त्यांचीही अशीच गोळी, ती हळूहळू उतरवली, आता बुधवारी गंगेवर (गोदाघाटावर) बाजाराला एकटे जातात आणि भाजीवालीशी भांडून येतात.

सिडको : निफाडचे दादा, मी ०.२५ च्या अर्ध्यावर अडकलेय. पहाटे तीनला टक्क जाग. तुम्हाला किती दिवस राहिली?

निफाड : दीडेक महिना. बॅटरी घेऊन बागेत फिरायचो, बायको ओरडायची बिबट्या नेईल म्हणून.