मदत हवी आहे: बाबांना गरवायला कुठे नेऊ? (फ्रीमाँट, सॅन फ्रान्सिस्को बे एरिया, कॅलिफोर्निया)

धागाकर्ती

नमस्कार मंडळी,

आईबाबा मे महिन्यापासून आमच्याकडे आले आहेत, सप्टेंबरपर्यंत आहेत. आईचं बरं चाललंय. तिला देऊळ सापडलं, भिशीसारखा एक ग्रुप सापडला, नात आहेच. प्रश्न बाबांचा आहे. वय ७१, देवगडजवळचं गाव, नोकरी मुंबईत झाली, पण प्रत्येक मे महिन्यात आणि गणपतीत खाडीवर गरी घेऊन बसलेला माणूस. काळुंदर, शेंगटी, नशीब असेल तर तांबोशी. पाग (फेकजाळं) टाकायलाही तरबेज होते, खांदा दुखायला लागल्यापासून ते बंद. इथे दिवसभर गॅलरीत उभं राहून समोरच्या पार्किंगमधल्या गाड्या मोजतात. म्हणून म्हटलं, यांना मासे पकडायला नेऊ. मला स्वतःला यातलं ओ की ठो कळत नाही.

आतापर्यंत दोन वाऱ्या झाल्या. दोन्ही फसल्या.

पहिली एका तळ्यावर. राज्याचं लायसन्स ऑनलाइन काढलं होतं. तिथे गेल्यावर कळलं की तळ्याची रोजची परवानगी वेगळी घ्यावी लागते. घेतली. मग मी कौतुकाने सांगितलं की बाबा, इथे हॅचरीतून, म्हणजे माशांच्या पैदास केंद्रातून, ट्राउट मासे आणून सोडतात, त्यामुळे मासे असतातच. बाबांचा चेहराच पडला. "म्हणजे ट्रकान हाडून टाकलेले मासे धरूक पैसे भरूचे? मगे बाजार काय वायट?" तरी बसले. घरून लसूण घालून कणकेचे गोळे नेले होते, ते लावले. दोन तासांत काही नाही. मग डब्यातला भात मूठभर पाण्यात फेकला, मासे जमवायला. पाच मिनिटांत रेंजर हजर. अतिशय सभ्यपणे त्याने सांगितलं की इथे पाण्यात चारा टाकायला परवानगी नाही. बाबांनी त्यालाही मालवणीत काहीतरी ऐकवलं, नशिबाने त्याला कळलं नाही. शेजारच्या माणसाने पकडलेला मासा कुरवाळून परत सोडला, तेव्हा तर हद्द झाली. "सोडूचो होतो तर धरलो कित्याक?" याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं, अजून नाही.

दुसरी वारी समुद्रावर, पॅसिफिकाला. निघायच्या आधी बाबांनी तिथी काढली, तिची पाऊणपट केली आणि भरतीची वेळ सांगितली. त्यात डेलाइट सेव्हिंगचा एक तास मिळवला (हे मी शिकवलं). वेळेवर पोचलो, तर पाणी थोडंसं चढल्यासारखं केलं आणि थांबलं. बाबा म्हणाले ही भरती न्हय, ही चेष्टा. वर वारा आणि धुकं इतकं की जूनमध्ये कानटोपी शोधत होतो. परत येताना त्यांना खडकांवर शिंपल्यांचे घोसच्या घोस दिसले. "शिनाणे! पिशवी दी." मी घाबरून ओढत गाडीत आणलं, कारण नियम माहीत नव्हता. तेव्हापासून आमच्यात थोडा अबोला आहे.

तर प्रश्न असे:
तळं की समुद्र? गुडघ्यामुळे ते फार चालू शकत नाहीत, पण बसायला मिळालं तर चार-पाच तास हलत नाहीत.
पकडलेलं घरी आणून खाता येईल अशी जागा कोणती? सोडून देण्यात त्यांना रस नाही.
त्यांना रॉड आवडत नाही, हातातली दोरीच हवी. चालते का?
आणि हे सगळं श्रावण लागायच्या आत. म्हणजे पाचेक आठवडे आहेत. श्रावणात ते मासे खात नाहीत, आणि खायचे नाहीत तर पकडणार नाहीत.

रविवारचा गरीवाला

पहिलं म्हणजे बाबांना साष्टांग नमस्कार सांगा. चेष्टा हा बरोबर शब्द आहे.

तिथीचं गणित आपल्या किनाऱ्यासाठी आहे. आपल्याकडे दिवसाच्या दोन भरत्या बऱ्यापैकी सारख्या उंचीच्या असतात, म्हणून कोणतीही पकडली तरी चालतं. कॅलिफोर्नियात एक भरती मोठी आणि एक लहान, ओहोटीचंही तसंच. तुम्ही गेलात ती धाकटी असणार. उन्हाळ्यात उधाणाच्या दिवसांत मोठी भरती रात्री येते आणि दुपारी येते ती किरकोळ. तेव्हा वेळ नाही, उंची बघायची. 'नोआ' (NOAA, अमेरिकी सरकारचं समुद्र-हवामान खातं) च्या साइटवर गावागावाचं वेळापत्रक फुकट आहे, फुटांत. बाबांना छापून द्या, दोन दिवसांत ते तुम्हालाच शिकवतील.

तळ्यावर काही का लागलं नाही, तेही सांगतो. ट्राउट थंड पाण्याचा मासा. तो सोडतात हिवाळ्यात आणि वसंतात. जूनपर्यंत पाणी तापलं की उरलेले खोल जातात, काठावरून गरी टाकून हाताला लागत नाहीत. शिवाय हॅचरीचा मासा खाद्याच्या गोळ्यांवर वाढलेला. बाटलीत मिळणारं रंगीत पीठ तरंगतं, दोरीचं वजन म्हणजे शिसं तळाला आणि आमिष त्याच्या हात-दीडहात वर. आपली कणीक थेट चिखलात जाऊन बसते. लसूण मात्र बरोबर होती, त्या बाटल्यांतही लसणाचा वास असतो!

उन्हाळ्यात ट्राउट विसरा, कॅटफिशकडे वळा. ईस्ट बेच्या पार्कांच्या तळ्यांत गरम महिन्यांत कॅटफिश सोडतात. लिव्हरमोरचं डेल व्हॅली, प्लेझंटनचं शॅडो क्लिफ्स, आणि तुमच्या दाराशी क्वारी लेक्स. क्वारी लेक्स म्हणजे खडीच्या जुन्या खाणी, पाणी भरून तळी झालेली, एका बाजूला काठ एकदम खोल. निघायच्या आधी पार्कच्या साइटवर या आठवड्यात कुठे मासे सोडले ते बघा. तोही ट्रकच आहे, पण बाबांना सांगू नका.

आमिष: इंडियन स्टोअरमधला गोठवलेला बांगडा. कातडीसकट बोटभर तुकडे. संध्याकाळची वेळ धरा, पार्क बंद व्हायच्या आधीचे दोन तास.

दोरी चालते. गोड्या पाण्यात माणशी एक रॉड किंवा हातातली एक दोरी, आणि सोडून लांब जायचं नाही. दुसरा रॉड लावायचा तर वेगळा शिक्का विकत घ्यावा लागतो. पागेचं मात्र तळ्यावर नावही काढू नका.

चिंचगूळ

शिनाणे न आणल्याबद्दल तुमचे आभार. हे गमतीत नाही. कॅलिफोर्नियात दरवर्षी १ मे ते ३१ ऑक्टोबर किनाऱ्यावरचे मसल्स स्वतः काढून खायला बंदी असते. पाण्यातल्या सूक्ष्म शेवाळाचं विष त्यांच्यात साठतं, आणि ते शिजवून जात नाही. कितीही उकळा, खोबरं घाला, कोकम घाला. हे बाबांना नीट समजावून सांगा, नुसतं "नियम आहे" म्हटलंत तर तुम्ही घरी नसताना जातील. माझे सासरे गेले होते. कसेबसे बसस्टॉपवरून परत आणले.

दुसरं, लायसन्सचं. सार्वजनिक पिअरवरून (समुद्रात बांधलेल्या धक्क्यावरून) समुद्रात मासेमारीला लायसन्स लागत नाही. पण तोच माणूस पिअरवरून उतरून शेजारच्या वाळूत उभा राहिला की लागतं. यात बरेच देशी लोक फसतात. बाकी ठिकाणी १६ वर्षांपासून पुढे सगळ्यांना हवं. पाहुण्यांसाठी एक दिवसाचं मिळतं, वर्षाचं काढायची गरज नाही. शिवाय वर्षातून दोन शनिवार राज्य लायसन्स माफ करतं, एक साधारण ४ जुलैच्या आसपास असतो. तारीख बघून घ्या. बाकीचे नियम आणि तळ्याचे पैसे त्या दिवशीही असतातच.

माडबन

तळंबिळं ठीक आहे, पण देवगडच्या माणसाला समुद्रच दाखवा हो.

पिअरची अवस्था सध्या वाईट आहे, ते मात्र खरं. बर्कलीचा २०१५ पासून बंद. सीक्लिफचा २०२३ च्या वादळांत मोडला तो काढूनच टाकला. सांता क्रूझच्या धक्क्याचं टोक डिसेंबर २०२४ मध्ये लाटांनी समुद्रात गेलं. कॅपिटोलाचा दुरुस्त होऊन २०२४ मध्ये उघडला. पॅसिफिकाचाही वादळ झालं की बंद होतो, त्यामुळे घरून निघताना चौकशी करा. गोल्डन गेट पुलाच्या पायथ्याशी टॉर्पीडो वॉर्फ नावाचा धक्का आहे. गाडीपासून थोडं चालावं लागतं, पण खुर्ची नेली तर बाबा पुलाखाली राजासारखे बसतील.

तिथे कुर्ल्या मिळतात. ऐका नीट: डंजनेस नावाची मोठी कुर्ली गोल्डन गेटच्या आत, म्हणजे बेमध्ये, पकडायलाच बंदी. आली तर लगेच सोडायची. बाहेर समुद्रात तिचा हंगाम नोव्हेंबरपासून, आणि बे एरियाच्या बाजूला ३० जूनला संपतो. रॉक क्रॅब मात्र वर्षभर चालतात, पाठ किमान ४ इंच हवी, मोजपट्टी जवळ ठेवा. मांस कमी, नांग्या दणकट, रस्सा उत्तम. अमावास्येला कुर्ल्या भरलेल्या असतात हे इथेही लागू आहे का यावर आमच्या घरात दहा वर्षं वाद चालू आहे.

बेमधले मासे रोज खाऊ नका. पारा आणि पीसीबी नावाच्या विषारी रसायनांमुळे राज्याने कोणता मासा कोणी किती खावा याचा सल्ला दिलेला आहे, लहान मुलांसाठी जास्त कडक. नात आहे म्हणून सांगितलं.

सॅमनचं स्वप्न बघू नका. २०२३ आणि २०२४ ही दोन्ही वर्षं समुद्रातली सॅमन पूर्ण बंद होती, २०२५ मध्ये मोजके दिवस उघडली.

आणि वाळूवर गेलात तर समुद्राकडे पाठ करायची नाही. हे बाबांना सांगायला नको, तुम्हाला सांगतोय. इथे अचानक मोठी लाट येते, आणि पाणी जूनमध्येही १२-१३ अंश असतं.

रविवारचा गरीवाला

@माडबन, एक राहिलं, पार्टी बोट, म्हणजे पैसे भरून बऱ्याच जणांनी मिळून मासेमारीला जायची बोट. हाफ मून बे किंवा एमरीव्हिलहून सकाळी निघतात, रॉकफिशसाठी. बसायला बाक, गरी-दोरी भाड्याने, आमिष त्यांचं. बोटीवर लायसन्स लागतं, एक दिवसाचं चालेल. उलटीची गोळी आदल्या रात्रीच घ्या, बोटीवर चढल्यावर उपयोग नाही. तुम्ही घ्या म्हणजे, बाबांना लागणार नाही. रॉकफिश बऱ्याचदा लाल निघतो, बाबा तांबोशीच म्हणतील. काटे जपून, थोडं विष असतं, ठणकतं.

धागाकर्ती

सगळ्यांचे मनापासून आभार. अबोला सुटला. भरतीचं वेळापत्रक छापून दिलं, आता ते फ्रिजवर कालनिर्णयशेजारी लावलंय आणि बाबा दोन्हींची तुलना करून मला रोज सकाळी निकाल सांगतात. शिनाण्यांचं विष त्यांना लगेच पटलं. म्हणाले, आमच्याकडेही पावसात खडपावर जात नाहीत, ते वेगळ्या कारणाने, पण जात नाहीत.

काल डेल व्हॅलीला गेलो. संध्याकाळी, बांगडा घेऊन, बाबा हातात दोरी घेऊन. आजूबाजूला सगळे रॉडवाले. पाऊण तासाने दोरी हलली, बाबांनी बोटावर दोन वळसे घेतले आणि घाई न करता ओढत आणला. चांगला हातभर कॅटफिश. शेजारच्या कुटुंबातला मुलगा "काटा आहे, काटा आहे" म्हणून खुणा करत धावत आला, तोवर बाबांनी दोन बाजूंच्या काट्यांमागून बोटं घालून तो उचललाही होता. "शेंगटीच ही. फक्त अमेरिकेचा पाणी पिऊन माजलीसा." मग त्या मुलाला धरायला शिकवलं, भाषा नसताना. जवळजवळ अर्धा तास. मी गाडीत जाऊन बसले, माझी गरज नव्हती.

एकूण दोन मिळाले. ट्रकचा विषय दोघांनीही काढला नाही.

पुढच्या शनिवारी बोट ठरवली आहे. आता दोन शंका. एक, बोटीवर मासे साफ करून देतात म्हणे, पण मुंडकं आणि काटा समुद्रात टाकतात का? बाबांना मुंडकंच हवंय. दोन, तिरफळं संपली आहेत, बे एरियात कुठे मिळतील?

माडबन

सांगितलं नाही तर टाकतात, वर पक्षी वाट बघत असतात. बोट सुटायच्या आधीच बोटीवरच्या पोराला सांगा की आमची मुंडकी ठेव, आणि टिप थोडी बरी द्या. वेगळी जाड पिशवी आणि बर्फाची पेटी न्या.

चिंचगूळ

तिरफळं मी आईकडूनच मागवते. अडचणीला चिनी दुकानातली सिचुआन मिरी घ्या, तिरफळाच्याच कुळातली आहे. काळं बी दिसलं तर काढून टाका, नुसती सालं ठेवा. नेहमीच्या निम्मी घाला, जीभ बधिर होते. आणि ठेचायची नाही, शेवटी अख्खीच टाका.