मदत हवी आहे : चुनखडकातला मॅग्नेटाइट खडकापेक्षा तरुण, मग त्याचं लोह आलं कुठून?

नमस्कार मंडळी. मी अमेरिकेत एम.एस. करते आहे. प्रबंध न्यूयॉर्क राज्यातल्या हेल्डरबर्ग चुनखडकांच्या पुराचुंबकत्वावर, म्हणजे खडकात टिकून राहिलेल्या जुन्या चुंबकक्षेत्राच्या खुणांवर आहे. दोन महिने एकाच प्रश्नावर अडकले आहे, जाणकारांनी कृपया वाट दाखवावी.

खडक डेव्होनियन कालखंडातला, सुमारे ४१ कोटी वर्षांपूर्वी उथळ समुद्रात साचलेला. पण त्यातली चुंबकीय दिशा त्या काळाची नाहीच. त्यानंतरच्या कार्बोनिफेरस कालखंडाच्या अखेरीपासून पर्मियनपर्यंत (सुमारे ३० कोटी वर्षांपूर्वी) पृथ्वीचं चुंबकक्षेत्र कोट्यवधी वर्षं सलग उलटं होतं, त्या काळाशी ती जुळते. म्हणजे ॲपलेशियन पर्वत उभे राहत होते तेव्हाची. नमुने तापवले की ५८० अंश सेल्सिअसच्या आत चुंबकत्व संपतं, म्हणून ते मॅग्नेटाइटचं (लोहाच्या चुंबकीय ऑक्साइडचं) आहे हे मी धरून चालले आहे.

आधी वाटायचं, समुद्रतळाच्या गाळातले चुंबकीय जिवाणू बनवतात तोच हा मॅग्नेटाइट. पण सेंद्रिय गाळात हायड्रोजन सल्फाइड तयार होतो आणि असे बारीक कण त्यात विरघळून त्यांच्या लोहाचा पायराइट (लोह आणि गंधकाचं खनिज) होतो. पुढे सुक, पीकर आणि व्हॅन डर व्हू या संशोधकांचं १९९० सालचं काम वाचलं. पायराइटचे तुतीच्या फळासारखे गोळे आकार तसाच ठेवून मॅग्नेटाइट झालेले त्यांनी दाखवले आहेत. म्हणजे तेच लोह दोनदा रूप बदलतं! हे वाचून मी रात्री उशिरापर्यंत जागी होते.

आता प्रश्न. हे दुसरं रूपांतर घडवलं कुणी? पर्वतरांगेकडून ढकलल्या गेलेल्या गरम खाऱ्या पाण्याने, की खडकातल्याच मातीने? खोल गाडल्यावर स्मेक्टाइट या मातीच्या खनिजाचा इलाइट हे दुसरं खनिज होताना लोह सुटतं, त्याला बाहेरचं पाणी लागत नाही. माझ्या नमुन्यांत हे दोन्ही वेगळे कसे ओळखू?

प्रतिसाद

फार चांगला प्रश्न आहे. एकाच थरातले मातीमिश्रित आणि शुद्ध चुनखडक शेजारीशेजारी मोजून बघ. माती जास्त तिथे चुंबकत्वही जास्त असेल, तर मातीकडे संशय जातो. शिरांमधल्या कॅल्साइटचं स्ट्रॉन्शियम-८७ आणि ८६ या दोन समस्थानिकांचं गुणोत्तरही काढ; ते डेव्होनियन समुद्रापेक्षा वर गेलं असेल तर बाहेरचं पाणी आत शिरलं होतं.

कण वेगळे करताना हायड्रोक्लोरिक आम्ल वापरू नकोस, बारीक मॅग्नेटाइटही त्यात जातो. आम्लता सांभाळलेलं ॲसेटिक आम्ल घे, वेळ लागला तरी. आणि खडकाचा बाहेरचा थर आधी कापून टाक. कोळशाच्या राखेतही मॅग्नेटाइटचे गोल कण असतात, ते पृष्ठभागावर बसतात आणि सूक्ष्मदर्शकाखाली हुबेहूब आपलेच वाटतात.

धागाकर्ती

मनापासून आभार. बाहेरचा थर मी कापलाच नव्हता. जुने सगळे नमुने बाजूला ठेवते आणि शनिवारी पुन्हा खडकावर जाते.