रजिस्टरमधल्या बिटफील्डसाठी मॅक्रो कसे लिहायचे?

फर्मवेअर_हिंजवडी: कॉर्टेक्स-एमवर (एआरएमचे मायक्रोकंट्रोलरसाठीचे प्रोसेसर) ड्रायव्हर लिहितेय. एका कंट्रोल रजिस्टरमध्ये बिट ४ ते ६ गेन, १२ ते १५ चॅनल, अशी बरीच फील्डं आहेत. आत्ता प्रत्येकाला मास्क (फक्त त्या फील्डचे बिट १ असलेला आकडा) वेगळा, शिफ्ट (फील्ड किती बिट सरकवायचं) वेगळा डिफाइन केलाय, एक बदलला की दुसरा तसाच राहतो. टीममधले एक सर म्हणतात स्ट्रक्टमध्ये कोलन देऊन बिटफील्ड कर, वाचायला सोपं. करू का?

कोथरूडकर: रजिस्टरसाठी स्ट्रक्ट नकोच. बिट खालून भरायचे की वरून हे सी स्टँडर्डने कंपायलरवर सोडलंय, उद्या कंपायलर बदलला तर गेन भलत्याच बिटांत जाईल. त्यापेक्षा फक्त मास्क ठेव आणि शिफ्ट त्यातूनच काढ. मास्क & -मास्क केलं की सगळ्यात खालचा सेट बिट मिळतो, वाचताना त्याने भागायचं, लिहिताना गुणायचं. गेनचा मास्क हेक्स ७०, खालचा बिट हेक्स १०, रजिस्टरमधून मास्क करून हेक्स ५० आलं तर उत्तर ५. मास्क अनसाइन्ड आणि कॉन्स्टंट असला की कंपायलर स्वतःच भागाकाराचा शिफ्ट करतो. लिनक्स कर्नलमधले फील्ड_गेट आणि फील्ड_प्रेप बघच, तेही एकच मास्क घेतात.

फर्मवेअर_हिंजवडी: हे आवडलं! पण कोणी गेन ९ दिला तर?

कोथरूडकर: मास्क लावला नाहीस तर शेजारचा बिट ७ सेट होईल, लावलास तर गुपचूप १ लिहिला जाईल, आणि हे दुसरं जास्त वाईट कारण दिसतच नाही. व्हॅल्यू कॉन्स्टंट असेल तर साइझऑफमध्ये निगेटिव्ह साइजचा अ‍ॅरे बनवायची युक्ती वापर, बिल्डच तुटेल. रनटाइमला येणारी असेल तर असर्ट (अट मोडली की प्रोग्रॅम तिथेच थांबवणारी तपासणी) टाक.

बिट_बाय_बिट: दादांचं बरोबर आहे, फक्त फील्ड बदलायचं काम मॅक्रोत करू नका, स्टॅटिक इनलाइन फंक्शन करा. मॅक्रोत आर्ग्युमेंट दोनदा आलं की व्होलाटाइल रजिस्टर (जे कंपायलर दर वेळी हार्डवेअरमधून खरंच वाचतो) दोनदा वाचलं जातं, आणि वाचल्यावर क्लिअर होणारं स्टेटस असेल तर दुसऱ्या वेळी हाती काहीच नाही. आणि १ लिहून क्लिअर करायचे फ्लॅग ज्या रजिस्टरमध्ये आहेत तिथे हे फंक्शन वापरूच नका, वाचलेलं परत लिहिताना बाकीचे पेंडिंग फ्लॅगही पुसले जातील, तिथे थेट हव्या त्या फ्लॅगचा मास्क लिहा. बिट ३१ ला १ च्या मागे यू लावायला विसरू नका, साइन्ड १ तिथवर सरकवणं अनडिफाइन्ड आहे.