स्लीप लॅबच्या सहा आठवड्यांत नक्की काय शिकायचं? (पल्मनरी, क्रिटिकल केअर, स्लीप, दुसरं वर्ष)

निशिगंधा_फेलो

पुढच्या सोमवारपासून माझं स्लीप लॅबचं पोस्टिंग सुरू होतंय, सहा आठवड्यांचं. छाती, आयसीयू आणि झोप अशी तिन्ही मिळून आमची फेलोशिप आहे, मी दुसऱ्या वर्षाला आहे. वरच्या बॅचचे सगळे एकच सांगतात, "स्लीप म्हणजे आराम, राहिलेली झोप काढून घे आणि पेपर लिहून टाक." पहिल्या वर्षी दोन आठवडे मिळाले होते ते मी तसेच घालवले. सकाळी जायचं, तयार रिपोर्ट चाळायचे, सही करायची आणि ब्रॉन्कोस्कोपीला (दुर्बिणीने श्वासनलिका तपासायला) पळायचं.

या वेळी तसं करायचं नाही. कारण सांगते.

मागच्या महिन्यात पहाटे तीनला कॅज्युअल्टीतून फोन आला. पन्नाशीच्या बाई, बीएमआय ४४. हाक मारली की डोळे उघडायच्या, लगेच मिटायच्या. एबीजीत, म्हणजे धमनीच्या रक्ततपासणीत, पीएच ७.१८, कार्बन डायऑक्साइड ९६, बायकार्बोनेट (कार्बन डायऑक्साइड साठत गेला की शरीर वाढवतं तो क्षार) ३५. बायपॅप (मास्कमधून श्वासाला दाबाचा आधार देणारं मशीन) लावला, तासाभरात काही फरक नाही, उलट जास्तच गुंगल्या. इंट्युबेट केलं, म्हणजे श्वासनलिकेत नळी घातली. नळी पहिल्याच प्रयत्नात गेली, सकाळच्या राऊंडला कौतुकही झालं. मग त्यांच्या मुलाने जुन्या कागदांची पिशवी माझ्या हातात दिली. त्यात आमच्याच लॅबचा पाच महिन्यांपूर्वीचा स्लीप स्टडी होता. एएचआय (झोपेत तासाला किती वेळा श्वास अडतो किंवा कमी पडतो) ४१, तीव्र ऑब्स्ट्रक्टिव्ह स्लीप अ‍ॅप्निया (झोपेत घसा मिटून श्वास अडणं), सीपॅप (मास्कमधून सतत एकसारखा दाब देणारं मशीन) सुरू करावा. खाली माझी सही.

त्याच पानावर, एएचआयच्या दोन ओळी खाली: ऑक्सिजन ९० टक्क्यांच्या खाली असलेला वेळ, एकूण झोपेच्या ७८ टक्के. हा आकडा मी सही करताना वाचलाच नव्हता. रक्ताच्या जुन्या रिपोर्टात बायकार्बोनेट ३३ होतं, तेही पाहिलं नव्हतं. मुलगा म्हणाला, मास्कने नाकावर जखम झाली म्हणून आठवड्याभरातच मशीन कपाटात गेलं.

बाई वाचल्या. सहाव्या दिवशी नळी निघाली आणि त्या बायपॅप घेऊन घरी गेल्या. पण तो कागद माझ्या डोळ्यांसमोरून जात नाही. माझ्या लॉगबुकात १३० ब्रॉन्कोस्कोपी, २६ ईबस (ब्रॉन्कोस्कोपीतून अल्ट्रासाउंड), ९० इंट्युबेशन आहेत. ट्रेस (स्टडीत रात्रभर नोंदलेल्या रेघा) वाचता येतो का, याचा रकानाच त्यात नाही.

तर या सहा आठवड्यांत मी काय करू? आणि आयसीयूत माणूस कमी पडला की पहिल्यांदा स्लीपच्या फेलोला खेचतात, त्याचं काय करायचं?

जुना_स्टेथोस्कोप

निशिगंधा, मी बरीच वर्षं फेलो शिकवतोय, म्हणून थोडं सविस्तर लिहितो.

आधी एक गाठ सोडवू. सीपॅप लिहिलात ही चूक नव्हती. स्थूलतेमुळे येणाऱ्या हायपोव्हेंटिलेशनमध्ये (श्वास अपुरा पडून कार्बन डायऑक्साइड साठण्यात) पेशंट स्थिर असेल आणि सोबत तीव्र अ‍ॅप्निया असेल, तर सीपॅपनेच सुरुवात करावी असं अमेरिकन थोरॅसिक सोसायटीची २०१९ची मार्गदर्शक तत्त्वंही सांगतात. चूक झाली ती निदान अर्ध्यावर सोडण्यात. जागेपणीचा कार्बन डायऑक्साइड कुणी मोजला नाही, मशीन लागू पडतंय का हे कुणी पाहिलं नाही, आणि पुढची भेट ठरली नाही. बायकार्बोनेट २७च्या खाली असेल तर हायपोव्हेंटिलेशनची शक्यता बरीच कमी होते, आणि तुमच्यासमोर ३३ होतं. त्या एका आकड्यावरून एबीजी मागवायला हवा होता. हे मी रागावून लिहीत नाही. फेलो असताना मीही असेच रिपोर्ट सह्या करून पुढे ढकलले आहेत, फक्त माझे पेशंट पहाटे तीनला माझ्याच ड्यूटीवर आले नाहीत.

आता काम. पहिल्या आठवड्यात लॅबमधले पाच जुने स्टडी मागा, रिपोर्ट न उघडता. प्रत्येक स्टडी पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत स्वतः स्कोअर करा, म्हणजे झोपेच्या आणि श्वासाच्या खुणा हाताने करा, आणि मग टेक्निशियनच्या स्कोअरिंगशी ताडून पाहा. जिथे जमलं नाही तिथे त्यांच्या शेजारी बसून विचारा, का? माझा अनुभव असा की खरं शिकणं या मतभेदाच्या पानांवरच होतं.

रिपोर्ट वाचायचा क्रमही बदला. एएचआय सगळ्यात शेवटी. आधी पाहा, माणूस किती तास झोपला. मग, उताणा किती वेळ होता. मग, रेम झोप (स्वप्नांची झोप) आली का, आणि उताण्या स्थितीत आली का. रात्रभर कुशीवर झोपलेल्या आणि रेम जेमतेम आलेल्या माणसाचा एएचआय ७ आला तर मी त्यावर विश्वास ठेवत नाही. त्यानंतर ९० खालचा वेळ. हे चार आकडे पाहिले की एएचआय काय असेल याचा अंदाज येतो, आणि अंदाज चुकला तर ट्रेस उघडायलाच हवा.

दुसरं म्हणजे सीपॅपची मेमरी कार्डं. ओपीडीत रोज निदान दोन कार्डं स्वतः वाचा. किती रात्री, किती तास, लीक (मास्कमधून गळणारी हवा) किती, मशीनवर उरलेला एएचआय किती. रात्री किमान चार तास आणि १०० पैकी ७० रात्री, हा नेहमीचा निकष. त्या बाईंचं कार्ड दुसऱ्या आठवड्यात कुणी पाहिलं असतं तर कोरं दिसलं असतं.

लॉगबुकाबद्दल: पूर्वी १०० ब्रॉन्कोस्कोपी, ५० ईबस असे आकडे ठरवून दिलेले होते. २०१५ साली अमेरिकन कॉलेज ऑफ चेस्ट फिजिशियन्सच्या तज्ज्ञगटानेही आकडे मोजण्याऐवजी कौशल्य तपासा अशी भूमिका घेतली. स्लीपच्या बाबतीत तो रकाना तुम्हीच तयार करा. स्वतः स्कोअर केलेले स्टडी किती, ट्रेस पाहून मत बदललं असे किती.

रात्रपाळी_टेक्निशियन

डॉक्टर, एक विनंती. सकाळी नऊला येऊ नका, निदान चार रात्री साडेआठला या.

वायरी स्वतः लावा. नाकाच्या मुळापासून डोक्यामागच्या उंचवट्यापर्यंत टेप धरून मोजायचं, दहा टक्के, वीस टक्के करत खुणा करायच्या, कातडी घासून पेस्ट लावायची. इम्पिडन्स (वायर आणि कातडीमधला विद्युतरोध) ५ किलोओहमच्या खाली आणेपर्यंत घाम फुटतो. मग पेशंटला सांगायचं: डोळे मिटा, फक्त डोळ्यांनी उजवीकडे बघा, डावीकडे बघा, घोरल्यासारखा आवाज काढा, पाय हलवा, श्वास रोखा. प्रत्येक वायर बरोबर बोलतेय का ते इथे कळतं. हे ज्याने केलंय त्याला सकाळच्या ट्रेसमधली खोटी रेघ लगेच ओळखू येते.

उदाहरण देतो. अ‍ॅप्निया थर्मिस्टरवर (नाकाशी लावलेला, श्वासाच्या उष्णतेवर चालणारा सेन्सर) ठरतो, हायपोप्निया (श्वास न थांबता कमी होणं) नेझल प्रेशरवर, म्हणजे नाकातल्या हवेच्या दाबावर. पहाटे पेशंट कुशीवर वळला आणि थर्मिस्टर गालावर सरकला, की तिथली रेघ सपाट. ऑटो स्कोअरिंग तिथे धडाधड अ‍ॅप्नियाच्या खुणा करत सुटतं. शेजारचं नेझल प्रेशर मात्र छान वरखाली होत असतं. मी रात्री आत जाऊन तो सरळ करतो आणि नोंद लिहितो. त्या नोंदी कुणी वाचत नाही, तुम्ही वाचा.

आणि तुमच्या बाईंबद्दल. नुसत्या अ‍ॅप्नियात सॅच्युरेशनची (रक्तातल्या ऑक्सिजनची) रेघ करवतीसारखी दिसते. खाली जाते, श्वास सुटला की पुन्हा ९५ला येते. हायपोव्हेंटिलेशनमध्ये ती खाली उतरते आणि तिथेच बसते. तुमच्या पेशंटमध्ये दोन्ही एकावर एक असणार. बाजूला ट्रान्सक्यूटेनियस (कातडीवरून मोजणारा) कार्बन डायऑक्साइड सेन्सर लावलेला असता तर प्रश्नच नव्हता. दहा मिनिटं ५५च्या वर राहिला की हायपोव्हेंटिलेशन, इतकं सरळ आहे. लॅबमध्ये सेन्सर असेल तर बीएमआय पाहून तो आधीच सांगा, आम्ही लावतो.

नाकावरची जखम बहुतेक पट्टे आवळल्यामुळे होते. लीक दिसला की घरचे पट्टा ओढतात. मास्कचा साइझ बदलायला हवा असतो.

आयसीयू_बेड_सात

मी थोडा वेगळा सूर लावतो. स्लीप महत्त्वाचं आहे, मान्य. पण निशिगंधा, तुमच्या पोस्टमध्ये एक वाक्य मला खटकलं. नळी पहिल्या प्रयत्नात गेली हे लिहिलंत, त्यानंतर व्हेंटिलेटरवर काय लावलंत ते नाही लिहिलं. राऊंडलाही कुणी विचारलं नसावं.

बीएमआय ४४ म्हणजे उंची १५२ सेंटिमीटर धरली तर वजन साधारण १०२ किलो. या उंचीच्या बाईंचं प्रेडिक्टेड वजन (उंचीवरून काढलेलं) ४५ किलो येतं. एका श्वासाला किलोमागे ६ मिली हवा धरली तर २७० मिली. वजनकाट्यावरचं वजन घेऊन गणित केलं तर ६१२. एआरडीएसमध्ये (फुफ्फुसांना येणाऱ्या तीव्र सुजेत) ६ आणि १२ मिलीची तुलना करणारा अभ्यास २००० साली आला, ८६१ पेशंट, मृत्यूचं प्रमाण ३९.८ वरून ३१ टक्क्यांवर आलं. तुमच्या बाईंना एआरडीएस नव्हता, पण उंची मोजायची सवय प्रत्येक बेडला लागते. आमच्याकडे मी फेलोच्या खिशात टेप आहे का ते बघतो.

दुसरं, अशा पेशंटचा कार्बन डायऑक्साइड ४०वर आणायचा हट्ट धरायचा नसतो. पीएच सुधारला की बास. महिनोन्‌महिने साठवलेलं बायकार्बोनेट मूत्रपिंड एका रात्रीत सोडत नाही. कार्बन डायऑक्साइड झरकन उतरवला तर पीएच ७.५५ दिसतो, पेशंट स्वतः श्वास घेत नाही, आणि आपण म्हणतो वीनिंग (व्हेंटिलेटर सोडवणं) अवघड आहे.

आणि ट्रेस वाचायचाच असेल तर तो आयसीयूतही रात्रंदिवस चालूच असतो. रोज एका बेडपाशी पाच मिनिटं नुसतं उभं राहा, अलार्म वाजत नसताना. उच्छ्वासाच्या फ्लोची रेघ शून्याला टेकते का? टेकायच्या आधीच पुढचा श्वास सुरू होत असेल तर आत हवा अडकतेय. एक्स्पिरेटरी होल्ड (उच्छ्वासाच्या शेवटी थांबवणारं बटण) दाबून ऑटो-पीप, म्हणजे अडकलेल्या हवेचा दाब, मोजा. मशीन १६ श्वास दाखवतंय आणि छाती २४ वेळा उचलली जातेय, तर आठ प्रयत्न वाया जातायत. सिडेशन (गुंगीचं औषध) वाढवण्याआधी हे पाहा. स्लीप लॅबमध्ये नजर तयार झाली की इथे ते सोपं जाईल, एवढं मी मान्य करतो.

नुकतीच_सुटले

ड्यूटीला खेचतात त्याबद्दल. मी याच वर्षी फेलोशिप संपवली. मी पोस्टिंग सुरू व्हायच्या आधीच प्रोग्रॅम डायरेक्टरकडे कागद घेऊन गेले: लॅबच्या रात्रींच्या तारखा, दुसऱ्या दिवशीची सुट्टी, आणि शेवटी दाखवायची दहा स्टडींची वही. तोंडी मागितलं असतं तर विसरले असते. लॅबची रात्र ही रात्रपाळीच आहे, तिच्यानंतर दिवसाची ड्यूटी करायची नाही हे ठणकावून सांगा. २००४च्या एका अभ्यासात आयसीयूतल्या इंटर्नच्या गंभीर चुका २४ तासांहून लांब ड्यूट्यांच्या वेळापत्रकात ३६ टक्क्यांनी जास्त निघाल्या होत्या. मी तो पेपर सोबतच नेला होता. तरी दोनदा खेचलंच, पण आठ वेळा नाही.

निशिगंधा_फेलो

सगळ्यांचे मनापासून आभार. तीन आठवडे झाले म्हणून लिहितेय.

कागद नेला, सहा रात्री मिळाल्या. पहिल्या रात्री माझ्या वायरी पहाटेपर्यंत टिकल्या नाहीत, चिन (हनुवटीवरचा) इलेक्ट्रोड दोनदा पडला. सातव्या क्रमांकाच्या बेडवाल्या सरांना उत्तर: ४२० मिली लावले होते. उंची मोजली नव्हती, अंदाज केला होता. तेव्हापासून टेप खिशात आहे.

पाच स्टडी हाताने झाले. पहिल्याला साडेपाच तास लागले, पाचव्याला तीन. सहावा म्हणून मी त्याच बाईंचा जुना स्टडी मागून घेतला. ३० सेकंदांचं एक पान, अशी ९०० च्या वर पानं. पान ६१२वर रेम आहे, त्या उताण्या आहेत, सॅच्युरेशन ६७. नाकातला प्रवाह बारीक झालेला, छातीचा पट्टा जेमतेम हलतोय, पण कुठेही थांबा नाही. अलीकडे पलीकडे अशीच अकरा पानं. ऑटो स्कोअरिंगने त्या अकरा पानांवर एकही खूण केलेली नाही. टेक्निशियनने मात्र रात्री ३.४०ला नोंद लिहिली होती: "सॅट कमी राहतेय, प्रोब बदलून पाहिला, तसंच आहे."

शुक्रवारी त्या ओपीडीत येणार आहेत. मशीन, मास्क आणि कार्ड तिन्ही सोबत आणा म्हणून मी स्वतः फोन केला. एबीजी सकाळी करायचाय. मास्कचे तीन साइझ लॅबमधून काढून ठेवलेत, आमचे टेक्निशियन दादा थांबणार आहेत, पण बसवणार मी.