मदत हवी आहे: बेसॉल्टमधल्या कार्बन डायऑक्साइडवर फायबरने नजर कशी ठेवायची?

नमस्कार मंडळी. मी कोल्हापुरात एम.एस्सी. करतोय. जमिनीखाली साठवलेल्या कार्बन डायऑक्साइडवरची देखरेख हा माझ्या प्रोजेक्टचा विषय आहे आणि गाडी एका जागी अडली आहे.

नॉर्वेच्या स्लाइपनर या समुद्रातल्या वायूक्षेत्रात १९९६ पासून कार्बन डायऑक्साइड समुद्रतळाखालच्या वालुकाश्मात सोडतात. तिथे छिद्रांतलं खारं पाणी हटून वायू आला की भूकंपलहरींचा वेग चांगलाच घटतो, त्यामुळे ठरावीक काळाने सर्वेक्षण केलं की वायूचा पसारा दिसतो. आपल्याकडे मात्र दख्खनचा काळा पाषाण, म्हणजे बेसॉल्ट. आइसलँडच्या कार्बफिक्स प्रकल्पात बेसॉल्टमध्येच वायू सोडला, पण पाण्यात विरघळवून. दोनेक वर्षांत त्यातला बहुतेक वायू खनिजरूप झाला. साठवण म्हणून हे उत्तमच, पण विरघळलेल्या वायूने लहरींचा वेग फारसा बदलत नाही. मग बघायचं काय?

म्हणून ऑप्टिकल फायबरकडे, म्हणजे काचेच्या बारीक तारेकडे वळलोय. विहिरीच्या केसिंगमागे (आतल्या पोलादी नळीमागे) सिमेंटमध्ये बसवलेल्या तारेत लेझरचे स्पंद सोडायचे आणि मागे विखुरलेल्या प्रकाशावरून ठिकठिकाणचा ताण मोजायचा. पण तारेला काटकोनात येणारी पी-लहर (दाबाची भूकंपलहर) तिला जवळजवळ ऐकूच येत नाही. प्रत्येक लाव्हाथराचा सच्छिद्र माथा, घट्ट गाभा, मध्येच लाल बोलचा (लाल मातीसारखा) थर अशा रचनेत गेज लांबी, म्हणजे तारेच्या जेवढ्या तुकड्यावरचा सरासरी ताण एका वेळी मोजतात ती लांबी, किती धरावी?

दुसरं, आणि मला जास्त महत्त्वाचं वाटणारं: ११ डिसेंबर १९६७ च्या भूकंपाचं कोयना इथून जवळच आहे आणि तिथे आजही धक्के बसतात. त्यातून वायू सोडल्यामुळे होणारे बारीक धक्के वेगळे कसे काढायचे? वायू सोडण्याआधी किती काळ नोंदी घ्याव्यात?

फायबरचा डेटा कुणी स्वतः हाताळला असेल तर कृपया सांगा. सरावासाठी खुला डेटा कुठे मिळेल तेही कळवा.