टाकळा : तुमच्या घरचे अनुभव लिहा

पाऊस लागून पंधरवडा झाला की ठाण्यात जांभळी नाक्यावर टाकळा या रानभाजीच्या जुड्या दिसायला लागतात. आमच्याकडे लसणाची फोडणी, सुकी मिरची, फणसाच्या आठळ्या, वरून ओलं खोबरं. तुमच्याकडे? औषध म्हणून कुणी वापरलाय का? ऐकीव नको, स्वतःचं लिहा.

घणसोली
आम्ही आगरी, त्यामुळे आठळ्या नाहीत, सुका जवळा! पाला कोवळाच हवा, फुलावर आला की कडू लागतो. आई उकडून पाणी पिळून टाकते. मी म्हणतो सत्त्व जातं, ती म्हणते मग तूच खा. लहानपणी बांधावरून ओटीभर खुडायचो. आता बांध गेले, टाकळा गटाराच्या कडेला येतो. तो घेऊ नका.

नौपाडा
माझं हिमोग्लोबिन ८.९ आलं तेव्हा सासूबाईंनी महिनाभर टाकळा खिलवला. आकडा जागचा हलला नाही. या भाजीत लोह, कॅल्शियम असतं, पण पालेभाजीतलं लोह अंगी कमीच लागतं. शेवटी गोळ्याच घ्याव्या लागल्या. भाजीवर लिंबू पिळायची आणि जेवणावर लगेच चहा न घ्यायची सवय मात्र तेव्हापासूनची.

ऐरोली
संस्कृतात याला दद्रुघ्न म्हणतात, म्हणजे गजकर्ण घालवणारा. तेवढ्या भरवशावर बिया ताकात वाटून मांडीला लावल्या. दोन दिवसांत कातडी लालेलाल, आग आग! गजकर्ण होतं तिथेच. त्वचेच्या डॉक्टरांच्या मलमाने गेलं, तेही दीड महिन्याने.

खारघर
टेकडीच्या पायथ्याशी पिशवी भरून खुडला. घरकाम करणाऱ्या मावशींनी बघितलं आणि अर्धा बाजूला काढला. "ताई, ह्यो कासविंदा हाय." टाकळ्याला पानांच्या तीनच जोड्या, टोकं गोलसर. कासविंद्याला जोड्या जास्त, पानं टोकदार, चुरडली की घाण वास. पश्चिम उत्तर प्रदेशात कासविंद्याच्या बिया खाऊन लहान मुलं दगावली आहेत, हे नंतर वाचलं आणि हातपाय गार पडले. आता ओळखीच्या भाजीवालीकडूनच घेते.

कळवा
आजी टाकळ्याच्या बिया काळपट भाजून, कुटून कॉफी करायची. जपान-कोरियात असाच चहा पितात म्हणे. चव बरी असते. पण एकदा हौसेने तीन कप प्यायलो आणि दुसऱ्या दिवशी ऑफिसला दांडी. पोट थांबेचना.

घणसोली
@कळवा, अहो, म्हणूनच आई पाणी पिळून टाकत असेल. हे तिला सांगणार नाही.